सावरीवरची सभा

मुलांनो, डोंगरापलीकडच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठाने एक करकोचा वावरत असे. स्वभावाने शांत, नजरेने तल्लख. एका उन्हाळ्यात ओढा आटला आणि एक डबके तेवढे उरले. रानडुकरे त्यात लोळत आणि बाकीच्यांची पिल्ले तेच पाणी पीत. बघता बघता पिल्लांना हगवण लागली, त्यांची अंगे गळून गेली. कोल्हिणीची पिल्ले करकोच्याच्या पायांशी खेळत, त्यांच्यावर त्याची फार माया. तीही आजारी पडली तेव्हा त्याला चैन पडेना. कोण कुठले पाणी पितो आणि कोण आजारी पडतो, हे तो रोज न्याहाळू लागला. शेवटी त्याला उलगडा झाला. डबक्याचे पाणी बाधत होते. साळिंदराची पिल्ले मात्र काठची वाळू उकरून खड्ड्यात पाझरलेले पाणी पीत आणि ठणठणीत होती.

आता त्या जंगलाची एक रीत होती. नवे काही कळले, की ते आधी सावरीच्या उंच झाडाच्या शेंड्यावर पक्ष्यांच्या सभेत मांडायचे. करकोचाही गेला आणि घसा साफ करून म्हणाला, "साचलेल्या जलाचे प्राशन अपायकारक असून वालुकेतून पाझरलेले जल हितकर होय!" पक्ष्यांनी पंख फडफडवून दाद दिली. म्हातारा गरुड म्हणाला, "उत्तम! पण अजून थोडं भारदस्त हवं. पुढच्या सभेत पुन्हा मांडा." करकोचा शब्द घासूनपुसून पुन्हा गेला, मग पुन्हा गेला. खाली जाऊन सांगावे, असे त्याच्या मनात एकदा आले. 'सभेने मान्य केलं की आपोआप कळेल सगळ्यांना,' अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरे तर सभेतले सगळे पक्षी दूरच्या नदीवर पाणी पीत. त्या डबक्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

अखेर सभेने करकोच्याच्या गळ्यात फुलांची माळ घातली. तो आनंदाने खाली उतरला, तर सावरीच्या बुंध्याशीच, आपल्या बिळापुढे, कोल्हीण बसली होती. तिच्या कुशीत एकच पिल्लू होते. बाकीची गेली होती.

"दादा, वर कसला सण होता?" तिने विचारले. "रोज पंखांचा आवाज यायचा."

करकोच्याने गळ्यातली माळ उतरवली. "ताई, डबक्याचं पाणी नको पाजूस गं," तो कसाबसा म्हणाला. "काठची वाळू उकर. तिथलं पाणी चांगलं आहे."

"एवढंच?" कोल्हीण उठली आणि पिल्लाला घेऊन ओढ्याच्या काठी गेली, करकोचाही मागोमाग गेला. उकरणे तर तिच्या हातचा मळ! बघता बघता तिने खड्डा केला, त्यात नितळ पाणी साचले. पिल्लाचे तोंड तिने पाण्याशी नेले, हलकेच चाटून त्याला जागवू लागली. पिल्लाने तोंड उघडले नाही.

कोल्हिणीने निपचित पिल्लाला वाळूवर ठेवले. मग तिने मान वर करून हाक दिली, "अगं हरिणी, तुझं पाडस इकडे आण. हे पाणी पाज त्याला." आणि करकोच्याकडे न पाहता ती पुटपुटली, "तुला ठाऊक होतं, दादा. माझं घर तर त्याच झाडाखाली होतं."

तात्पर्य : ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्या दाराशी, त्याला समजेल अशा शब्दांत आणि वेळेवर पोचते, तेच ज्ञान उपयोगाचे, एरवी त्याचे नुसते कौतुक होते.