रिकामी खुंटी

फार मागची गोष्ट, बरं का. किती मागची ते विचारू नका. तेव्हा मी नव्हतो, तुम्ही नव्हता, आणि तुमचे पणजोबाही नव्हते. एक राजा होता. माणूस तसा वाईट नव्हता. पण त्याला जे हवं ते मागायच्या आधीच समोर यायचं, आणि हे दुखणं साधंसुधं नव्हे.

लहानपणी या राजाला नदीतले गोटे जमवायचा नाद होता. कपडे भिजवून, गुडघे फोडून घेऊन तो एखादा पांढऱ्या पट्ट्याचा गोटा घरी आणायचा आणि उशाशी ठेवून झोपायचा. पुढे तो गादीवर बसला. मग त्याला नदीवर कोण जाऊ देतंय! महाराजांना गोटे आवडतात म्हटल्यावर सरदारांनी गाड्या भरभरून गोटे आणून ओतले. गोट्यांमागून शंख आले, शंखांमागून तलवारी, अत्तराच्या कुप्या. राजाचा कारभारी भलता टापटिपीचा होता. रिकामा कोनाडा दिसला की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची, आणि कोनाडा भरेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नसे. अशी दालनंच्या दालनं भरली. राजा मात्र तिकडे फिरकेनासा झाला.

एकदा पोळ्याच्या संध्याकाळी राजा परगण्यातून परतत होता. वाटेतल्या एका लहानशा गावात त्याचा मुक्काम पडला. गाव कसलं, सगळे छांदिष्ट लोक! गावचा न्हावी भोवरे जमवायचा. गिऱ्हाईक येऊन बसलं की आधी भोवरा, मग वस्तरा. त्या भोवऱ्यांपायी माणसं दाढी नसतानाही त्याच्याकडे बसायला यायची आणि तेच त्याला हवं असायचं. तेलीण पाखरांची पिसं गोळा करायची. तीही फक्त आपोआप गळलेली. वाटेत कधी काय सापडेल याचा नेम नाही, यातच तिला मजा वाटे. पंतोजींकडे तऱ्हेतऱ्हेच्या बिया होत्या, रंगावार लावून ठेवलेल्या. घरात पंतोजींचं कुणी ऐकत नसे. बिया मात्र ठेवल्या जागी राहत.

आणि भिवराआजी जमवायची गुरांच्या गळ्यातल्या घंटा. गावाची रीतच होती तशी. एखादी गाय किंवा बैल म्हातारा होऊन गेला, की त्याची घंटा आजीच्या गोठ्यात यायची आणि आजी ती भिंतीवरच्या खुंटीला अडकवायची. पोळ्याच्या संध्याकाळी सारा गाव पुरणपोळी खाऊन तिच्या अंगणात जमायचा. सगळ्यांनी डोळे मिटायचे. आजी एकेक घंटा वाजवायची, आणि ज्याची त्यानं ओळखायची. कुणी म्हणायचं, ही आमची पवळी. कुणी म्हणायचं, हा आमचा ढवळ्या, आणि पदरानं डोळे पुसायचं. मग ढवळ्यानं कधी कुणाचं धोतर खाल्लं होतं ती गोष्ट निघायची, की सगळं अंगण हसायचं.

राजा त्या अंगणात बसला होता. त्याला एकही घंटा ओळखता आली नाही. त्याला त्या लोकांचा असा हेवा वाटला की घास गोड लागेना. घंटा एवढ्या सुखाच्या आहेत ना, मग आपल्याकडेच असायला हव्यात, असं त्याच्या मनानं घेतलं. राजेच ते. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: गावातले सगळे छंद महालात येतील, बदल्यात ज्याला जे हवं ते मिळेल. राजाला नाही कोण म्हणणार? न्हाव्यानं भोवरे दिले आणि दिवसभर वस्तरा हातात धरला नाही. आजीनं घंटा परत कधी मिळतील एवढंच विचारलं.

महालात कारभाऱ्यानं मन लावून काम केलं. घंटा चिंच लावून लख्ख घासल्या, जुनी सुतळी काढून रेशमी गोंडे लावले. त्यात त्याला दिसलं, की आजीच्या गोठ्यातून खुंट्यांसकट आणलेल्या घंटांमध्ये एक खुंटी रिकामी आहे. झालं! त्यानं सोनाराकडून नक्षीदार चांदीची घंटा करवून घेतली आणि त्या खुंटीला अडकवली. राजाला त्याची ही कल्पना फार आवडली.

राजानं डोळे मिटून घंटा वाजवून पाहिल्या. नाद गोड होता, पण ती पवळी नव्हती की ढवळ्या नव्हता. भोवरा फिरवला. फिरला आणि पडला. पिसं तर वाऱ्यानं दालनभर झाली. राजा चिडला. काहीतरी युक्ती राहून गेली असणार, ती आजीला ठाऊक असेल, असं वाटून त्यानं तिला मेणा पाठवून बोलावून घेतलं.

आजी दालनात आली. राजानं मोठ्या कौतुकानं तिला चांदीची घंटा दाखवली आणि सांगितलं, तुझ्या संग्रहात एक कमी होती, ती आम्ही भरून काढली. आजीनं घंटेला हात लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून राजा गोंधळला. आजी रागावली नव्हती. तिला फार वाईट वाटलं होतं.

"महाराज, घंटा देखणी आहे," ती म्हणाली. "पण या खुंटीपायी मी गावोगावच्या बाजारांना जात होते. आता मी घराबाहेर कशाला पडू?"

मग तिनं सांगितलं. ती तरुण असताना तिची कबरी नावाची कालवड पुरात वाहून गेली. कबरीच्या घंटेतला लोलक हरवला होता, म्हणून आजीच्या नवऱ्यानं चिंचेच्या लाकडाचा लोलक घडवून बसवला होता. त्यामुळे ती घंटा किणकिणत नसे, टुक-टुक वाजे. कबरी कुठं तरी जगली असेल, या आशेनं आजी गुरांच्या बाजारात जाऊन कान देऊन उभी राहायची. तिथं ओळखी व्हायच्या, कुणाच्या गोठ्यातल्या गोष्टी कळायच्या, आणि आजीचा आठवडा भरल्यासारखा व्हायचा.

राजा ऐकत होता. त्याला ओले कपडे आठवले, फुटलेले गुडघे आठवले, आणि उशाशी ठेवलेला तो एक गोटा आठवला. त्यानं स्वतः पुढे होऊन चांदीची घंटा काढली.

"आजी, चूक झाली माझी," तो म्हणाला. "सगळ्यांचं सगळं परत जाईल."

कारभारी हळहळला. एवढी दालनं ओकीबोकी दिसतील, म्हणाला. राजानं सांगितलं, दिसू देत. गावात भोवरे परतले तेव्हा न्हाव्याच्या दारात बसायला जागा उरली नाही. आजीनं घंटांचे रेशमी गोंडे काढून पुन्हा सुतळी ओवली.

राजानंही एक गोष्ट केली. सवड मिळाली की तो एकटाच नदीवर जाऊ लागला, गोटे शोधायला. कधी मिळत, कधी नुसताच भिजून येई. असाच एकदा तो नदीच्या खालच्या अंगाला बराच लांब गेला, आणि झाडीतून आवाज आला, टुक-टुक, टुक-टुक. एक गवळण गुरं पाणी पाजायला आणत होती. पुढे एक करडी कालवड, आणि तिच्या गळ्यात ती घंटा. गवळणीनं सांगितलं, की तिच्या सासूला पुरातून आलेलं, गळ्यात ही घंटा असलेलं एक भिजलेलं वासरू सापडलं होतं. तेव्हापासून त्या गाईच्या वंशातल्या कालवडीला तीच घंटा बांधतात. दर मंगळवारी ती ही कालवड घेऊन जवळच्या बाजाराला जाते, हेही बोलण्यात आलं.

राजाचा हात अंगठीकडे गेला. ती देऊन घंटा घ्यावी, आजीच्या दारात जावं, ती किती खूश होईल! आणि मग त्याला कारभारी आठवला. त्यानं हात मागे घेतला. वाटेत आजीच्या घरी थांबून तो एवढंच म्हणाला, "आजी, मंगळवारी खालच्या अंगाच्या बाजाराला जाऊन ये."

तो बाजार पार लांब, परतीला सगळा चढ, म्हणून आजी तिकडे कधी गेली नव्हती. का जायचं ते राजानं सांगितलं नाही. मंगळवारी आजी न्हाव्याच्या गाडीत बसून गेली. बाजाराच्या तोंडाशीच तिच्या कानांवर टुक-टुक आलं, आणि म्हातारी अशी धावली म्हणता की न्हावी बघतच राहिला. तिनं कालवडीच्या मानेला मिठी मारली. गवळणीला सगळं कळलं तेव्हा ती घंटा सोडू लागली. आजीनं तिचा हात धरला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "माझ्या खुंटीवर ती वर्षातून एकदा वाजेल. इथं रोज वाजतेय."

तेव्हापासून आजी दर मंगळवारी त्या बाजाराला जाऊ लागली, कबरीच्या पणतीला गूळ चारायला. पुढच्या पोळ्याला राजा पुन्हा अंगणात आला आणि लोकांत मांडी घालून बसला. सगळ्यांनी डोळे मिटले. साऱ्या घंटा वाजवून झाल्यावर आजी त्या रिकाम्या खुंटीपाशी आली आणि तिनं जीभ टाळूला लावून आवाज काढला, टुक-टुक.

"ही आपली कबरी," राजा सगळ्यांच्या आधी म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना.

म्हणून सांगतो, आपल्या हौसेतली रिकामी जागा आपणच जपावी. दुसऱ्यानं ती भरून दिली की हौस संपते आणि नुसतं सामान उरतं.