फटीपलीकडचं झाड

त्या प्रदेशात झाडं कुंपणाच्या एका बाजूला होती आणि झाडांचे मालक दुसऱ्या बाजूला. कुंपण काट्यांचं होतं. त्याला एकच फट होती, आणि ती कधी उघडायची हे फटीत बसलेला ठरवायचा. बाकी सगळं इतर प्रदेशांसारखंच होतं. सकाळी ऊन यायचं, पोरं रडायची, चुली पेटायच्या.

झाडांचे मालक म्हणजे खारी. टेकडीच्या त्या उतारावर त्या पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. कुंपण होतं साळिंदरांचं. साळिंदरं दूरच्या एका रानातून आली होती. तिथं त्यांना काट्यांसाठी शोधून शोधून मारलं गेलं होतं, आणि यात खोटं काहीच नव्हतं. जीव मुठीत धरून ती इथवर पोचली, आणि आल्या आल्या त्यांनी आपले गळालेले काटे जमिनीत रोवून स्वतःभोवती कुंपण घातलं. रात्री शांत झोप लागावी एवढाच तेव्हा हेतू होता. पण भीतीला जागा फार लागते. कुंपण थोडं पुढं सरकलं, मग आणखी थोडं. असं सरकता सरकता झाडं आत गेली आणि खारी बाहेर राहिल्या.

साळिंदरांचा एक नियम होता आणि तो त्यांना अगदी न्यायाचा वाटे. ज्या झाडाची फळं मोसमात मालकानं स्वतःच्या हातानं उतरवली नाहीत, ते झाड बेवारस. ते साळिंदरांनी घ्यायचं. मालक का आला नाही, हे विचारायची तरतूद नियमात नव्हती. तो यायला निघाला होता की नाही, आणि निघाला असेल तर कुठं अडला, हेही कुणी विचारत नसे.

टेकडीपासून बऱ्याच अंतरावर एक मोठा वड होता. तिथं संध्याकाळी पाखरं जमत आणि दिवसभरात ज्यानं जे ऐकलं असेल ते तो सगळ्यांना ऐकवी. टेकडीवरचे आवाज आणायचं काम कावळ्यांकडं होतं. कावळ्यांना मोठा आवाज आवडतो, त्यामुळं ते फक्त किंकाळ्या आणीत. ऐकून पाखरं हळहळत, माना हलवत आणि झोपी जात. होता होता वडावर सगळ्यांची अशी समजूत झाली की खार हा किंचाळणारा प्राणी आहे, आणि किंचाळणं हाच त्याचा उद्योग आहे.

वडावर एक मैना होती. तिला नको तिथं चौकशा करायची खोड होती. तिनं एकदा विचारलं, की दोन किंकाळ्यांच्या मधे खारी काय करतात. कावळा म्हणाला, मधलं कोण ऐकतंय. उत्तर काही मैनेच्या पचनी पडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती उठून टेकडीवर गेली.

ती उतरताच खारींनी हातातली कामं टाकली. कुणी पदर सावरला, कुणी घसा साफ केला, पोरांना पुढं बसवण्यात आलं. रेघा नावाची एक खार पुढं झाली. अंगानं किरकोळ, पण उतारावर तिचा शब्द चालायचा. तिनं पाहुणीला अदबीनं विचारलं, "बाई, आधी रडून घेऊ, की आधी पाणी देऊ?"

यात टोमणा नव्हता. टेकडीवर आजवर जेवढे कान आले, तेवढ्यांना एकच हवं होतं, आणि पाहुण्याला हवं ते द्यायचं ही खारींची रीत. रडायच्या पाळ्यासुद्धा ठरलेल्या होत्या. त्या दिवशी पाळी होती रेघाच्या जावेची, झुपीची, आणि ती बिचारी सकाळपासून उपाशी राहून तयारीत होती. मैनेला फार ओशाळल्यासारखं झालं. ती म्हणाली, की मी नुसती बसते, तुमचं चालू द्या.

याचा खारींना पेच पडला. चालू काय द्यायचं? आमच्या घरच्या कटकटीत ऐकण्यासारखं काय आहे? रेघाचा नवरा भुरक्या म्हणाला की ही नक्की हेर आहे. एका म्हाताऱ्याचं मत पडलं की ती बहिरी असावी. पण मैना बसून राहिली, आणि बसून राहणाऱ्याची सवय होते. थोड्या दिवसांनी तिच्यासमोर भांडणंही व्हायला लागली.

मग तिला जे ऐकू आलं, ते वडावर कुणी कधी ऐकलं नव्हतं. टेकडीपलीकडच्या सोयऱ्यांकडं जायची वाटही फटीतूनच होती, आणि त्या फटीनं खारींचं सगळं आयुष्य आपल्या मापानं बेतलं होतं. गार झाल्यावर जास्त चवदार लागतील असेच पदार्थ त्या रांधत, कारण फटीशी थांबता थांबता ऊन पदार्थ गार होणारच होता. लग्नाचं वऱ्हाड आदल्या दिवशीच रांगेत जाऊन बसे. व्याही-विहिणींचे रुसवेफुगवे तिथंच उरकत, त्यामुळं मांडवात सगळे शहाण्यासारखे वागत. एखाद्यासाठी रांगेत जागा धरून ठेवणं हा मोठा आहेर मानला जाई. बाळंतिणीला लोक बाळंतविडा देत नसत, रांगेतली जागा देत. आणि रांग मोडणाऱ्याशी पुढं सोयरीक होत नसे, मग तो कितीही देखणा असो. मैना हे सगळं कानांत साठवत राहिली. तिला त्यात इतकी गोडी लागली की आपण परत कधी जायचं हेच ती विसरली.

सगळ्यांत तिच्या मनात भरलं ते रेघा आणि झुपीचं मिठाचं भांडण. त्यांच्या झाडाची फळं झाडावर कडू असत, मिठाच्या पाण्यात मुरल्यावर खायला होत. रेघा म्हणे मीठ मूठभर पुरे. झुपी म्हणे ओंजळभर हवं, तुझी फळं दरवर्षी बुळबुळीत होतात. रेघा म्हणे तुझी खाऊन तुझ्या नवऱ्याचा घसा बसलाय. हे भांडण दर मोसमात होई आणि सगळं घर त्याची वाट पाही. या वर्षी बरणी रिकामी होती. फळं फटीपलीकडच्या झाडावरच होती. तरीही दोघी रिकाम्या बरणीच्या दोन बाजूंना बसून तितक्याच त्वेषानं भांडल्या. भुरक्या हसत होता. हसता हसता तो उठून बाहेर गेला.

रेघाचं ते एकच झाड. आईकडून आलेलं, आईला तिच्या आईकडून. रोज सकाळी टोपली घेऊन ती फटीशी जाई. फटीत अणकू नावाचं साळिंदर पहाऱ्याला असे. तो विचारी, कुठं? झाडाकडं. कशाला? फळं उतरवायला. तो म्हणे, आज नाही. तो दुष्ट होता असं नाही. लहानपणी त्याला सांगितलं गेलं होतं की खारींचे दात फार तीक्ष्ण असतात, आणि आजवर त्याचं सगळं लक्ष त्यांच्या दातांकडंच असे. रेघा टोपली घेऊन परत येई. वाऱ्याबरोबर पिकल्या फळांचा वास उतारावर यायला लागला, तेव्हा तिनं जेवण कमी केलं.

एके दिवशी ती मैनेजवळ येऊन बसली. 

"तुला पंख आहेत," ती म्हणाली. "माझं झाड बघून ये. फांद्या वाकल्या असतील, फळं गळायला आली असतील, तर मात्र मला खोटं सांग."

मैना गेली. तिला फटीची गरज नव्हती, आणि याची तिला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. झाड सापडायला वेळ लागला नाही. प्रत्येक फळाच्या देठापाशी लालसर डाग होता, तसा डाग दुसऱ्या कुठल्याच झाडाच्या फळाला नव्हता. फांद्या वाकल्या होत्या. फळं इतकी पिकली होती की मैना फांदीवर बसली तेवढ्या भारानं एक फळ खाली पडलं. आता रेघाला काय सांगायचं, हे तिला सुचेना. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. जे ऐकलं तेच बोलायचं, एवढंच तिला येत होतं.

मनाला चैन नसलं की मैना उजळणी करते. वडावर जाऊन हे सगळं ऐकवायचं होतंच. पानांच्या गर्दीत डोळे मिटून तिनं सुरुवात केली. चुलीवर काही उकळल्याचा आवाज. पोराला दिलेला धपाटा आणि त्याचं खोटं रडणं. भुरक्याचं खाकरणं. रांगेतलं 'जरा सरका, माझी पिशवी दबतेय'. मग मिठाचं भांडण, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

त्याच दुपारी अणकू फट बंद करून झाडाची पाहणी करायला आला होता. मोसम संपत आला होता. मालक फिरकला नाही एवढं त्याला बघून जायचं होतं. झाडाखाली पोचला आणि त्याला वर एक अख्खं घर नांदताना ऐकू आलं. त्याच्या अंगावरचा काटा न्‌ काटा उभा राहिला. खारी आत शिरल्या कशा? त्यानं झाडाला फेऱ्या घातल्या. शेपूटसुद्धा दिसेना. तो बुंध्याशी दबा धरून बसला, आणि बसल्या बसल्या ऐकू लागला.

फटीशी खारी एकेका शब्दात बोलत. इथं त्या बोलता बोलता एकमेकींचं तोंड बंद करत होत्या. आधी त्याला वाटलं ही सांकेतिक भाषा असावी. मीठ म्हणजे काय असेल? ओंजळ म्हणजे किती जणी? मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की मीठ म्हणजे मीठच आहे. त्याला ते विचित्र वाटलं. त्याच्या घरीही ताकात मीठ किती, यावरून रोज वाद होत. मैना शेवटाला आली की पुन्हा पहिल्यापासून धरी, आणि तो मनाशी म्हणे, एवढं संपलं की उठायचं. मैना फांदीवर इकडून तिकडं सरकली की एखादं पिकलं फळ सुटे. अणकूचे काटे भीतीनं ताठच होते, पण काट्यांच्या टोकांना जाणीव नसते. त्याचं लक्ष वर होतं. ऊन कलंडेपर्यंत तो बसून राहिला.

मग पहाऱ्याची आठवण होऊन तो घाईघाईनं फटीकडं आला. त्याच्या मागं मैना उडत आली, कारण रेघाला द्यायचं उत्तर तिला अजून सुचलं नव्हतं.

फटीशी नेहमीसारखी रांग होती. सगळ्यांत पुढं रेघा टोपली घेऊन बसली होती. अणकू फटीत येऊन उभा राहिला तशी रांगेतली कुजबुज थांबली. खोकणारे खोकायचे थांबले.

"कुठं?" त्यानं सवयीनं विचारलं.

"झाडाकडं," रेघा म्हणाली. पण ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती.

"कशाला?"

"फळं उतरवायला."

आज नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि सगळी रांग आपल्या पाठीकडं बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं मान वळवली. त्याच्या काट्यांवर फळं होती. एकेका काट्यावर एकेक, पाठभर, आणि प्रत्येक फळाच्या देठापाशी लालसर डाग होता. त्याला मागं सरायचं होतं. पण तो घाबरला, घाबरल्यावर काटे फुलले, आणि फुललेल्या काट्यांनिशी तो त्या अरुंद फटीत घट्ट अडकला. पुढंही जाता येईना, मागंही.

रेघा उठली. तिनं टोपली मागं उभ्या असलेल्या भुरक्याकडं दिली आणि ती अणकूच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्याला तिचे दात पहिल्यांदाच नीट दिसले. ते लहान होते, आणि एक तुटलेला होता.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "हलू नका."

तिनं पहिलं फळ स्वतःच्या हातानं उतरवलं आणि टोपलीत ठेवलं. मग दुसरं. तिसऱ्या फळाला तिचा आवाज फुटला. टोपली नीट धर, डोळे कुठं आहेत तुझे, वरचं आधी घेऊ की खालचं, अशी ती नवऱ्यावर डाफरू लागली, जशी तिची आई वडिलांवर डाफरत असे. कुंपणावर बसलेली मैना मान वाकडी करून ऐकत होती. हा आवाज तिच्याकडं नव्हता.

अणकू भीतीनं डोळे मिटून उभा होता. तो जसजसा घाबरे तसतसे त्याचे काटे आणखी ताठ होत, आणि मागं दडलेली फळं एकेक करून वर येत, रेघाच्या हाताशी. तिला फांदी वाकवावीही लागत नव्हती.