हलक्या पॅकेटचे उत्तर

एकदा एक तरुण अभियंता आपल्या वृद्ध गुरूंसमोर लॅपटॉप उघडून बसला. त्याचे नाव सुव्रत. डोंगराळ तालुक्यातले एक छोटे रुग्णालय शहरातल्या मोठ्या रुग्णालयाशी नेटवर्कने जोडलेले होते, आणि त्या जोडणीची जबाबदारी सुव्रतवर होती. तिथल्या डॉक्टर उगले मॅडमची आठवडाभर एकच तक्रार चालली होती : रुग्णांच्या मेंदूच्या स्कॅनची चित्रे शहरातल्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचत नाहीत.

"सर, दोष त्यांच्या यंत्रात आहे," सुव्रत म्हणाला. "आपली वाट मोकळी आहे. हे पाहा."

त्याने काळ्या पडद्यावर पिंगची, म्हणजे वाट चालू आहे का ते तपासण्याची, आज्ञा लिहिली. चाचणीच्या माहितीचे एक चिमुकले गाठोडे, म्हणजे पॅकेट, डोंगरापलीकडच्या यंत्राकडे गेले आणि क्षणार्धात परतले. मागोमाग दुसरे गेले, तेही आले. एकही हरवले नाही.

गुरूंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. तीच आज्ञा त्यांनी पुन्हा लिहिली. मात्र पॅकेटचा आकार स्कॅन वाहून नेणाऱ्या पॅकेटएवढा मोठा केला आणि वाटेत त्याचे तुकडे करू नयेत, अशी अट घातली. पॅकेट गेले. उत्तर आले नाही. त्यांनी पुन्हा पाठवले. पडदा मुकाच राहिला.

"सर, चांगली चाललेली वाट तुम्ही मुद्दाम का बंद पाडता?" सुव्रतला राहवले नाही.

"ती बंदच होती, बाळ," गुरू म्हणाले. "वाटेने तुला फसवले नाही. तू हलके विचारलेस, तिने हलके उत्तर दिले. तेवढ्यावरून ती जड ओझेही पेलेल, असे तू धरून चाललास. आणि जी डॉक्टरबाई ते ओझे रोज पाठवत होती, तिच्या शब्दापेक्षा तुला स्वतःची चाचणी खरी वाटली."

शोध घेतल्यावर वाटेतले एक यंत्र सापडले. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी त्याची पॅकेटच्या आकाराची मर्यादा कमी करून ठेवली होती. सुव्रतने ती सुधारली. मोठी पॅकेटे परत येऊ लागली आणि थोड्याच वेळात एक स्कॅन शहरात अखंड पोहोचले.

सुव्रतने डॉक्टरांना फोन लावला. 'काम झालं, बाकी ठीक ना?' हे नेहमीचे हलके वाक्य ओठांवर आले आणि तिथेच थांबले.

"मॅडम, चूक आमच्याकडेच होती," तो म्हणाला. "चित्रं जात नव्हती, तेव्हा तिकडे काय झालं?"

"खरंच ऐकायचंय?" डॉक्टरांनी विचारले.

"हो."

"एक शाळामास्तरीण होती. बोलताना जीभ अडखळायला लागली म्हणून नवरा घेऊन आला. तज्ज्ञांना चित्र दिसेना, मग मी तिला रुग्णवाहिकेनं घाटातून शहरात पाठवलं. त्यात उपचाराला उशीर झाला. जीव वाचला. वाचा गेली. रोज तुम्हाला सांगत होते हो मी."

ते यंत्र आपण बिघडवले नव्हते, हे सांगणे सुव्रतला सहज शक्य होते. त्याने ते सांगितले नाही. डॉक्टर बोलत राहिल्या, तो ऐकत राहिला. त्यांचे सगळे बोलून झाल्यावर त्याने हलक्या आवाजात त्या मास्तरीणबाईंच्या घरचा पत्ता विचारला.

गुरूंनी लॅपटॉप मिटला. त्यांना आणखी काही शिकवायचे उरले नव्हते.