कट्ट्यावरचा हार

राजधानीपासून फार दूर, नदीकाठच्या एका खोऱ्यात एक कासार राहत होता. दारोदार फिरून बांगड्या भरायचा आणि गोड बोलायचा. हात कितीही राठ असो, त्याच्याकडून बांगडी भरून घेताना कुणाला कधी दुखलं नाही. सगळ्या खोऱ्याचा तो लाडका होता, आणि खरं सांगायचं तर त्याला या लाडाची चटकच लागली होती.

खोऱ्याचा एक सभासद राजाच्या सभेत बसायचा. सभेहून परतल्यावर घरी न जाता, धुळीच्या पायांनीच चावडीपुढच्या कट्ट्यावर उभं राहून काय झालं ते सर्वांना सांगायचं, असा तिथला रिवाज होता. म्हातारा सभासद वर्षानुवर्षं तेच करत आला होता. पण त्याचं बोलणं म्हणजे तोडून टाकल्यासारखं. "कर कमी होणार नाही." "पूल मिळाला नाही." एवढं सांगून तो चालू लागायचा. लोकांना तो डोळ्यांसमोर नकोसा झाला होता. शेवटी गुडघे थकले तेव्हा तो म्हणाला, "आता दुसरा बघा." त्या दिवशी काहींनी चक्क पेढे वाटले!

त्याच्या जागेसाठी दोघे उभे राहिले. एक वैद्य होता. तो म्हणाला, "जे होईल ते येऊन सांगेन."

"म्हणजे पुन्हा तेच रडगाणं!" लोक कुरकुरले.

दुसरा आपला कासार. तो म्हणाला, "मी कट्ट्यावर बोलेन, तेव्हा तुम्ही हसत घरी जाल." झालं! लोकांनी कासारालाच निवडलं.

पहिल्याच सभेत राजाने त्याला जवळ बोलावलं. "नदीवरचं नवं धरण पुरं झालंय. दिवाळी संपली की दारं लावणार. पाणी मागे चढेल आणि तुमची खालची वाडी बुडेल. वरच्या माळावर जागा दिली आहे. लोकांना धान्य आणि गुरं घेऊन आत्ताच हलायला सांग."

कासाराची एकुलती एक लेक त्याच वाडीत दिली होती.

वाटभर तो शब्द जुळवत आला. पण वेशीवर ढोल वाजत होते. कुणी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, कुणी त्याला उचलून कट्ट्यावर उभं केलं. समोर सगळे चेहरे फुललेले.

"काय आणलंत?" लोकांनी विचारलं.

त्याने गळ्यातला हार सारखा केला. "राजा आपल्यावर खूश आहे," तो म्हणाला. "सगळं छान होईल."

आज नको, उद्या सांगू, अशी त्याने मनाची समजूत घातली. उद्या कुणीतरी जेवायला बोलावलं, परवा कुणाकडे बारसं निघालं. असं करता करता दिवाळी आली. त्याने लेकीला तेवढं माहेरी आणलं आणि भाऊबीज उलटली तरी परत जाऊ देईना.

एका सकाळी म्हातारा सभासद काठी टेकत त्याच्या दारात आला. "लेकीला का रे ठेवून घेतलंस?"

कासाराला रडू कोसळलं. त्याने सगळं सांगून टाकलं. "काका, तुम्ही इतकी वर्षं हे कसं हो सांगत होतात?"

म्हातारा उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "माझ्या गळ्यात कुणी कधी हार घातलाच नाही. त्यामुळे तो उतरेल ही भीती नव्हती. पण वाईट बातमी सांगितली की त्या दिवशी घरी जाऊन मलाही घास गिळवत नसे."

दाराआड लेक उभी होती. ती पुढे आली. "बाबा, माझी सासू तिथे आहे, शेजारणी आहेत. त्यांच्या हातांत बांगड्या तुम्हीच भरल्यात ना?"

कासार अनवाणीच धावत सुटला. कट्ट्यावर चढून त्याने खरं ते सांगितलं. मग शिव्यांचा भडिमार झाला, एक दगडही आला, आणि सगळे वाडीकडे पळाले. पण धरणाची दारं लागली होती. पाणी अंगणात शिरलं होतं. माणसं आणि गुरं कशीबशी वर आली, पण वर्षाचं धान्य कणग्यांतच भिजून कुजलं. मातीची घरं बसली. त्या हिवाळ्यात लेकरं माळावर उपाशी निजली.

"मला काढा आणि वैद्यांना पाठवा," कासार खाली मान घालून म्हणाला. लोक त्याच्यावर धावून गेले, तेव्हा म्हाताराच मध्ये उभा राहिला.

"त्याने लपवलं, हा त्याचा गुन्हाच. पण ढोल कोण वाजवत होतं?"

धावून आलेले एकेक करून मागे सरले.

पुढच्या सभेहून वैद्य परतला आणि कट्ट्यावर चढला. "माळावर विहीर मागितली होती. मिळाली नाही." लोक मुकाट्याने ऐकत राहिले. तेवढ्यात गर्दीच्या मागून कासार पुढे आला. त्याच्या हातात स्वतः ओवलेला झेंडूचा हार होता. तो त्याने वैद्याच्या गळ्यात घातला. कट्ट्याच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या सभासदाने उपरण्याने डोळे पुसले.

तात्पर्य एवढंच: फक्त गोड बातमीलाच हार घालणाऱ्यांना कडू बातमी वेळेवर कळत नाही.