दोन पेले थंडाई

"...मग मी गेल्यावर हिला ढकलणार कोण, वस्ताद?"

प्रल्हाद पैलवान तालमीच्या दारातूनच विचारत आत आला. त्याचा एक हात सायकलच्या मागच्या दांड्यावर होता. तो कायम तिथंच असायचा.

सायकल तीन चाकांची. पाठीला टेकू, कमरेला पट्टा, पावलं अडकवायला पायडलांवर पट्ट्या. वर बसली होती त्याची भाची, नऊ वर्षांची तेजल. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे तिचे पाय सांगितलेलं ऐकायला वेळ घेत. बोलणंही सावकाश येई, पण आलं की समोरच्याला गप्प करी.

हिंदुराव वस्ताद कट्ट्यावर बसून थंडाई गाळत होते.

"कुठं निघालास?"

"पुण्याला, सरावाला. दिवाळीपत्तर."

"आणि सायकल?"

"बंद ठेवतो. न्हाईतर तुम्ही तालमीतला एखादा दणकट गडी नेमून द्या."

"मला मैत्रिणीकडं जायचंय," तेजल म्हणाली. "एकटीला."

मैत्रिणीचं घर गल्लीच्या टोकाला. तालमीच्या फाटकातून दिसायचं.

"ऐका. एकटीला म्हणती." प्रल्हाद हसला. "पायडल मारती झकास. पण मागनं जोर माझा लागतो."

त्याने दांडा ढकलून दाखवला. चाकं फिरली, चाकांबरोबर पायडलं फिरली, पायडलांबरोबर पट्ट्यांत बांधलेली पावलं फिरली.

वस्ताद वाकून पावलांकडे बघत राहिले.

"पोरगी पायडल फिरवती, का पायडल पोरीला?"

तेजल खुदकन हसली. प्रल्हादला मात्र राग आला. माणूस खांद्यावर घेऊन बैठका मारणारा गडी तो. त्याच्या ताकदीत कुणी खोट काढली की त्याचं डोकं फिरे.

"माझ्याएवढं दुसरं कुणी करून दाखवू दे," तो म्हणाला.

...

वस्तादांनी पितळेचे दोन पेले काठोकाठ भरले. एक त्याच्या उजव्या हातात दिला, एक डाव्या.

"सायकलच्या मागनं चाल. थेंब सांडलास तर पुण्याला जायचं न्हाई."

"आणि ढकलू कशानं?"

वस्ताद पुन्हा कट्ट्यावर बसले. तेजलची थंडाई काढायची राहिली होती, ती गाळू लागले.

तेजलने मागे वळून पाहिलं. दांड्यावर कुणाचाच हात नव्हता. तिला भीती वाटली आणि मजाही वाटली. दोन्ही एकदमच तिच्या तोंडावर दिसत होतं.

उजवा पाय ताठला. तसाच राहिला...

मग खाली गेला. चाक वीतभर हललं.

डावा पाय आला. पुन्हा उजवा. सायकल निघाली, पण फाटकाकडे जायचं सोडून तिरकी झाली आणि कुस्तीच्या हौद्याच्या कडेच्या मातीत जाऊन रुतली.

प्रल्हाद पेले ठेवायला वाकला.

"सांडंल," वस्ताद म्हणाले.

"अडकलीया ती, वस्ताद."

"दिसतंय मला."

तो तसाच उभा राहिला. शंभर किलोचा दगड उचलतानाही ज्याला घाम फुटत नसे, त्याच्या कपाळावरून घाम ओघळू लागला.

तेजलने मातीकडे पाहिलं. मामाकडे पाहिलं. मामाचे दोन्ही हात भरलेले.

तिने पायडलं उलटी दाबायला घेतली. डावा पाय नाही म्हणाला. उजवा म्हणाला, बघू. त्या दोघांचं बराच वेळ जमेना... आणि मग जमलं. चाक मातीतून मागे आलं.

सायकल वळली आणि थेट प्रल्हादसमोर येऊन थांबली. फाटकाच्या वाटेत तोच उभा होता.

"मामा... सरक."

आखाड्यात कुणासाठी पाऊल मागे न घेतलेला पैलवान गुपचूप बाजूला झाला.

"माझी थंडाई... ठेवा," जाता जाता तिने वस्तादांना बजावलं. फाटकापाशी उगाचच दोनदा घंटी वाजवली आणि गल्लीत वळली.

प्रल्हादचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

"मागनं जाऊ का, वस्ताद?"

"ती काय म्हणाली?"

"सरक म्हणाली."

"मग?"

...

प्रल्हाद जागचा हलला नाही. गल्लीच्या टोकाशी पुन्हा घंटी वाजली. कुणीतरी धावत बाहेर आलं, आणि दोन पोरींचं हसणं तालमीपर्यंत ऐकू आलं.

त्याच्या हातातले पेले लटपटू लागले.

"वस्ताद, हात थरथराय लागलं की वो."

"लागणारच," वस्ताद म्हणाले. "आज पहिल्यांदाच जड उचललंस."