बिमलीच्या मापाचे निळे बूट

देवदारांच्या रानापलीकडे, जिथे ढगसुद्धा डोंगराच्या कुशीत शिरून ऊब शोधतात, तिथल्या एका चिमुकल्या गावात बिमली राहायची. आई लोकांच्या शाली विणायची. चूल एखाद्या दिवशी पेटायची, एखाद्या दिवशी नाही. बिमलीला पायाला स्कीच्या लांब पट्ट्या लावून बर्फात घसरायचं भारी वेड! पण पायात बूट होते ते देवाघरी गेलेल्या बाबांचे. तीन-तीन मोजे चढवले तरी पाय आत डुगडुगायचा आणि दर वळणावर बिमली धप्पकन पडायची.

आज मोठी शर्यत होती! पहिलं येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दरीतल्या स्कीशाळेत राहायला, जेवायला आणि शिकायला मिळणार होतं. शिंग तीनदा वाजणार आणि तिसऱ्याला सगळे सुटणार.

भों! पहिलं शिंग वाजलं. बिमली स्की घेऊन रानातून धावत सुटली, तोच झाडामागून मुसमुसणं ऐकू आलं. बघते तर काय, एक इवलीशी परी! पंख मोरपिशी, केसांत हिमकणांची चमचम आणि पायात लखलखते काचेचे बूट.

"पाऊल टाकवत नाही गं," परी विव्हळली. "किती सुंदर आहेत म्हणून घातले!"

बिमली झटकन खाली बसली. तिने हळूच बूट काढले, परीचे गार पडलेले पाय मांडीवर घेतले आणि चोळू लागली.

भों! दुसरं शिंग.

"अगं, जा! तुझी शर्यत चुकेल."

"चुकली तर चुकली, परीताई. तुझी बोटं बघ कशी निळी पडलीत!"

बोटं गुलाबी झाली तशी परी खुदकन हसली. "तीनदा बूट माग, देईन. पण एक अट. कसे वाटतात ते खरं सांगायचं. खोटं बोललीस की बुटांचं पाणी!"

"सोनेरी!" बिमली टाळ्या पिटत ओरडली.

झळाळते सोनेरी बूट आले. अहाहा! पण बोटं आत मुडपली. खोटं बोलावं का? पण बिमलीने खरं तेच सांगितलं. "चावतात गं."

सोनेरी बूट नाहीसे झाले.

"मग मऊ-मऊ दे, उशीसारखे!"

आले. पण पाऊल उचललं की टाच आत वर यायची. "छान उबदार आहेत, पण बाबांच्या बुटांसारखेच डुगडुगतात."

आता एकच मागणं उरलं. बिमलीने डोळे मिटले. "दिसायला कसेही असोत. माझ्या मापाचे दे."

साधे निळे बूट आले. परी म्हणाली, "दोन मोजे काढ. एकच पातळ मोजा पुरे. टाच मागे ठोक. आता बक्कल लाव. सरळ उभी राहा, बोटं पुढे टेकतात?"

"अगदी हलकेच!"

"गुडघे वाकव."

"सुटली! बोटं पुढून सुटली! आणि टाच जागची हलत नाही! परीताई, हे माझेच आहेत!"

"मग पळ!"

बिमली स्की खांद्यावर टाकून पळाली. सुरुवातीच्या रेघेवर पोचून बूट स्कीत अडकवते न अडकवते तोच भों! तिसरं शिंग! सूंऽऽऽ! बर्फाचे रुपेरी तुषार उडाले. पाय जरा झुकवला की स्की वळायची, जणू पायाचंच बोट! एक मूल मागे पडलं, दुसरं, पाचवं, दहावं. शेवटच्या वळणावर बघणारे सगळे श्वास रोखून उभे राहिले. बिमली झुकली, वळली, आणि शेवटच्या रेघेवरची लाल फीत तिच्या छातीवर फडफडली!

"बिमली पहिली!" स्कीशाळेचे मास्तर ओरडले. "पोरी, उद्याच शाळेत ये!"

आई शाल सावरत धावत आली आणि लेकीला कवटाळून रडू-हसू लागली. तिच्या खांद्यावरून बिमलीने वर पाहिलं. उतारावर परी अनवाणीच बर्फात गिरक्या घेत होती. गिरकी वाढली, सोनेरी झाली, गुलाबी झाली, आणि परी उजेडात उजेड होऊन गेली.

"आई, बघितलंस?" बिमलीने विचारलं.

"काय गं?"

"चल, घरी जाता जाता सगळं सांगते!"