न वाजवायच्या तारा

“मग उरलेल्या चारांचं काय करायचं, चाचा? विहिरीत ढकलायचं?”

सुपर्णा असंच बोलते. वय अठरा, बारावीला ब्याण्णव टक्के, आणि ते ब्याण्णव ती कुणाला विसरू देत नाही.

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मिरजेत सतारी करण्यात त्यांची साठ वर्षं गेली. हातातली कानस चालूच होती.

मी त्यांच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. मी सुपर्णाचा सतारीचा मास्तर. तिची सतार बसकी वाजते म्हणून तिला घेऊन आलो होतो. आणि खरं सांगायचं तर माझं डोकं उठलं होतं म्हणूनही. पंधरा दिवस एकच पालुपद! कॉलेजच्या अर्जात मुख्य विषय एकच लिहायचा, आणि बाईसाहेबांना आवडतात पाच. वनस्पतिशास्त्र, इतिहास, संख्याशास्त्र, कन्नड आणि चित्रकला. अर्जाची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती. नाही भरला तर जागा गेली. तीन वाजून गेले होते.

येताना रिक्षात मी म्हटलं होतं, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” मग ती माझ्याशी बोललीच नाही.

“पाची येतात तुला?” चाचांनी विचारलं.

“येतात म्हणजे? पाचीत पहिली आहे मी.”

“मग रडतीस कशाला?”

“मी रडत नाहीये.”

रडत होती.

“एक घेतला की बाकीचे मरतात, चाचा. दोन वर्षांनी मी कन्नडचं एक वाक्य वाचू शकणार नाही. ब्रश वाळून जातील. मला... मला त्यातलं काहीच मारायचं नाहीये.”

चाचांनी कानस खाली ठेवली.

“आण ती सतार.”

तिनं गवसणी काढून सतार पुढं केली. चाचांनी पडद्यांच्या खाली बोट घातलं आणि तरफांवरून एकदा नख फिरवलं. तरफा म्हणजे खालच्या त्या बारीक तारा, ज्यांना वाजवणारा हात लावत नाही. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज आला.

“ह्या कधी लावल्या होत्यास?”

“त्या कुठं वाजवायच्या असतात! मी वाजवते ती बाजाची तार. ती लावते की रोज.”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं.

“मास्तर, हे तुम्ही शिकवलं?”

मी वर टांगलेले भोपळे बघायला लागलो. शेण मीच खाल्लं होतं. ‘आधी बाजाच्या तारेवर हात बसू दे, तरफांचं पुढं बघू,’ असं मीच तिला म्हणालो होतो. एवढ्या खुंट्या पिळत कोण बसणार, हा आपला माझा आळस.

“तुझ्या त्या विषयांचा कागद हाय का?” चाचा तिला म्हणाले.

कागद होता. पाच रंगांच्या शाईत पाच विषय, खाली प्रत्येकाचे फायदे-तोटे. तिनं मोठ्या ऐटीत तो दिला.

चाचांनी तो फाडला.

“चाचा!”

“बस खाली.”

पाच तुकडे झाले. प्रत्येकावर एक विषय. चाचांनी ते सगळे तिच्या ओंजळीत टाकले.

“ह्यातले चार मला दे. एक तुझ्याजवळ ठेव.”

“कुठले चार?”

“मला काय म्हाईत?”

तिनं तुकडे मांडीवर मांडले. 

चित्रकला दिली. मग कन्नड. संख्याशास्त्र देताना ओठ चावला. इतिहास दोनदा पुढं करून दोनदा मागं घेतला... आणि दिला. मूठ मिटली ती मिटलीच.

तिच्या मुठीत काय राहिलं ते मला न बघता कळलं. आल्या आल्या, एक चप्पल पायात असतानाच, तिनं दारातला वाळका भोपळा उचलला होता. ह्याचं बी कुठलं, वेलावर किती महिने ठेवता, साल एवढी जाड कशी होते... चाचांना श्वास घेऊ दिला नव्हता. सतारीबद्दल एक अक्षर नाही!

चाचांनी त्या चार तुकड्यांची नखाएवढी टोकं काढली, दुमडली आणि चार तरफांवर घोड्यावर स्वार बसवावा तशी बसवली.

“हं, वाजव.”

तिनं मुठीतला कागद मांडीखाली सरकवला, बोटात नखी चढवली. सारेगम वाजवलं. एकही कागद हलला नाही.

“बघा. बसकीच आहे.”

 चाचांनी कागद बाजूला काढून ठेवले आणि तरफा लावायला घेतल्या, एकेक तरफ एकेका सुराला. खुंटी पिळायची, नखानं तार छेडायची, कान लावायचा. परत पिळायची. तीन तारा झाल्यावर सतार तिच्याकडं सरकवली.

“बाकीच्या तू लाव.”

“चाचा, पाचला बंद होतं ते.”

“मग लवकर लाव की.”

पोरगी एका जागी दहा मिनिटं बसत नाही. त्या दिवशी बसली. दोनदा खुंटी सटकली, एकदा तार तुटली, चाचांनी नवी चढवून दिली. तोंडानं ‘अगं बाई’, ‘मेले’, सगळं चालू होतं. पण कान तारेला. मी स्टुलावर चुळबुळत होतो आणि घड्याळ बघत होतो. सव्वाचार... साडेचार.

चाचांनी चारी कागद परत बसवले.

“आता वाजव. वरची एकच तार. खाली हात लावायचा न्हाई.”

तिनं सा वाजवला.

पहिला कागद थरथरला, उडाला आणि तिच्या मांडीवर पडला.

“अय्या!”

रे. दुसरा उडाला. ग. तिसरा. म वाजवताना तिनं श्वास धरला होता... चौथाही गेला. आणि तीच सतार अशी घुमायला लागली की शेजारचा दुकानदार दारात येऊन उभा राहिला.

“मी हातसुद्धा लावला नाही त्यांना,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.

“मग?” चाचा म्हणाले.

मला भरून आलं. सांगून टाकतो, लाज कसली. बावीस वर्षं शिकवतोय, आणि हे मी कुणाला दाखवलं नव्हतं.

सुपर्णानं मांडीखालचा कागद काढला. घामानं तो ओला झाला होता, पण ‘वनस्पतिशास्त्र’ वाचता येत होतं. तिनं मोबाइल काढला, अर्ज भरला, ओटीपीची वाट बघताना दोनदा बसली, दोनदा उठली.

“गेला!” ती ओरडली. पाचला बारा मिनिटं होती.

चहा आला. तिनं दोन कप घेतले. मांडीवरचे नि जमिनीवरचे चारी कागद वेचून गवसणीच्या खिशात ठेवले. जाताना चाचांच्या पाया पडली, मग माझ्याही पडली. माझ्या पडायचं खरं तर काही कारण नव्हतं.

दारापर्यंत गेली आणि सतार खांद्यावर घेऊन वळली. तोंडावरचं हसू थोडं कमी झालं होतं.

“चाचा... मी तारच चुकीची धरली असली तर?”

चाचांनी कानस उचलली होती. त्यांनी मान वर केली नाही.

“कागद उडत्यात का बघ.”